मास्तरांची अठरा इंची पिशवी

“आमच्या फोल्डिंग खात्याचे मास्तर हे एक विक्षिप्त गृहस्थ होते. मासे धरण्याचा नाद, पण एका जागी दहा मिनिटे बूड टेकवणे ठाऊक नाही. त्यामुळे जन्मात एक मासा मिळाला नाही. गळ-दोऱ्या ठेवायला स्वस्तात पिशवी हवी म्हणून वर्षभर साऱ्या बाजाराला छळले आणि अखेर गिरणीचेच जाड कापड पळवून पिशवी शिवली. फाटकावरच्या झडतीत सापडले. ‘शिवण उसवून दाखवा’ म्हटल्यावर तोंड काळे ठिक्कर पडले, आणि रातोरात सोलापूर सोडले.”

हा मजकूर आमच्या गिरणीच्या जुन्या नोकरांनी यंदा काढलेल्या स्मरणिकेत आहे. लिहिणारे गृहस्थ माझ्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षे बसले. त्यांचे अक्षर चांगले होते. त्यांच्याविषयी चांगले म्हणण्यासारखे तेवढेच आहे. मी त्यांना पत्र लिहिले. उत्तर आले की, इतक्या वर्षांनी आता कशाला उकरता? उकरले कोणी? मी? त्या प्रसंगी ज्यांना खोलीच्या आत बोलावलेही नव्हते, त्यांनी तो छापावा, आणि सूत मोजायचे भिंग ज्याच्या हातात होते त्याने गप्प बसावे, हा न्याय मला मान्य नाही. भिंग माझ्या हातात होते.

फोल्डिंग खाते म्हणजे मागावरून उतरलेले कापड जेथे तपासून, मोजून, घड्या घालून शिक्का मारण्यासाठी येते ते खाते. एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी तेथे सव्वीस वर्षांचा कारकून होतो आणि मास्तर, म्हणजे खात्याचे प्रमुख, पन्नाशीला आलेले. उंच, वाळकी अंगलट, काळी टोपी, आणि चालताना पुढे झुकलेली मान, जणू पाय मागे राहिले आहेत आणि हे आधीच पोहोचले आहेत. मास्तरांना खुर्ची होती. तिच्यावर कापडाचे नमुने बसत. मास्तर बसलेले मी पाहिले नाही. भाकरी ते खिडकीशी उभे राहून खात आणि सही चालता चालता करीत. पगारपत्रकावरची त्यांची सही दरमहा वेगळ्या उताराची असे, आणि हिशेबनीस दरमहा ती त्यांचीच का, अशी खात्री करायला येत.

पण हा अस्वस्थ माणूस कापडाच्या बाबतीत कोणत्याही स्थिर माणसाहून पक्का होता. तागा टेबलावर पसरला की आम्ही सगळे मध्यावर पाहत असू. मास्तरांचा अंगठा आधी कडेवर जाई. विणताना कापडाच्या दोन्ही बाजूंना आपोआप घट्ट काठ तयार होतो. त्याला ते ‘जिवंत काठ’ म्हणत. कात्रीने कापलेली कड ती ‘मेलेली’.

“कारकून,” ते मला म्हणत (माझे नाव त्यांनी कधी घेतले नाही), “मेलेली कड कितीही दुमडा, कितीही टाके घाला, ती आतल्या आत सुटत असते. आपल्याला कळतं तेव्हा माल रस्त्यावर सांडलेला असतो.”

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले. ऐकून काय केले, ते पुढे येईल.

आता माशांविषयी. मास्तर शाकाहारी शैव घरातले. घरी कानडी, गिरणीत मराठी. पदरी विधवा बहीण आणि तिची तीन मुले. घरात मासा नेणे तर दूरच. गळाची काठीसुद्धा न्हाणीच्या मागे, वळचणीला खोचलेली असे, आणि तिच्याकडे बहीण पाठ करून पाणी तापवी. मी एकदा विचारले, “मास्तर, खात नाही तर मग धरता कशाला?”

“रविवारी काय करू? बसून राहू?”



एका जागी बसत नसत म्हणून मासा मिळाला नाही, असे स्मरणिका म्हणते. लिहिणाऱ्याने मासा फक्त ताटात पाहिला असावा. हिप्परग्याच्या तलावात तेव्हा मरळ भरपूर. मरळ काठच्या शेवाळात आणि लव्हाळ्यात दडून राहते. तिच्यासाठी एकाच ठिकाणी गळ टाकून बसणारा माणूस संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जातो. तिला शोधत हिंडावे लागते. येथे एकदा गळ टाका, काही नाही, वीस पावले पुढे, पुन्हा टाका. मास्तरांचा स्वभाव आणि मरळीचा स्वभाव असे जुळलेले होते. मी एका रविवारी त्यांच्याबरोबर गेलो आणि दुपारपर्यंत माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. तोवर मास्तरांकडे तीन मरळी होत्या.

चौथ्या मरळीच्या वेळी अनर्थ झाला. त्यांची सगळी सामग्री एका खांद्याला लोंबणाऱ्या झोळीत असे: दोरीची रिळे, आमिषाचा डबा, लहान जाळे, भाकरीचे फडके, आणि पत्र्याच्या डबीत कितीतरी वर्षांत जमवलेले गळ. मासा लागला, मास्तर पुढे वाकले, झोळी घसरून पुढे आली, आणि डबी पाण्यात गेली. मासाही गेला. त्या एका क्षणी मी मास्तरांना स्तब्ध उभे राहिलेले पाहिले. पाण्यावरची वलये विरेपर्यंत ते हलले नाहीत. मग म्हणाले, “दोन्ही हात मोकळे पाहिजेत, कारकून. पाठीवर घट्ट बसणारी पिशवी पाहिजे. आणि दोन रुपयांच्या आत पाहिजे.”

दोन रुपये का? स्मरणिकेने कंजूष म्हटले नाही, पण हसायची सोय करून ठेवली आहे, म्हणून सांगतो. तीन भाच्यांच्या फिया भरल्यानंतर स्वतःच्या हौसेसाठी एवढेच काढायचे, असे त्या माणसाने ठरवले होते. त्यावर एक आणा वाढवायला तो तयार नव्हता, आणि दोन रुपयांना वाईट वस्तू घ्यायलाही तयार नव्हता. या दोन हट्टांच्या मध्ये बाजार सापडला, त्याला मास्तर काय करणार?

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या कोटाच्या वरच्या बटणाला गाठी मारलेली एक सुतळी बांधलेली दिसू लागली. पहिल्या दोन गाठींमधले अंतर म्हणजे त्यांच्या पाठीची रुंदी, अठरा इंच. तेथून पुढच्या गाठीपर्यंत गळाच्या काठीच्या एका तुकड्याची लांबी. ही सुतळी घेऊन ते मंगळवार बाजारात हिंडले, मोच्यांकडे गेले, बारदानाच्या वखारीत गेले. चामड्याची पिशवी भिजली की दुप्पट जड होते. बारदानाला वास राहतो आणि त्यात गळ अडकतात. पहिल्या महायुद्धानंतर विकायला आलेल्या पलटणीच्या खाकी पिशव्या मात्र अजून मिळत होत्या, आणि त्यांच्यासाठी मास्तर नव्या पेठेतल्या एका दुकानी जात. दुकानदार कपाळभर भस्म लावणारे, तोंडाने तिखट.

“मास्तर, पिशवी घेताय का स्थळ बघताय?”

“स्थळ बघायला माणूस दोनदा येतो. मी सहाव्यांदा आलोय.”

“मग आता तरी पसंती कळवा की.”

“आतून बघू द्या.” आणि मास्तरांनी पिशवी सशाचे कातडे सोलावे तशी उलटी केली. अंगठा शिवणीवरून फिरला. “मेलेली कड. दोन्ही बाजूंनी.”

“अहो, आतून कोण बघतंय?”

“ओझं आतूनच बघतं.”

मग त्यांनी दुकानातली वजने पिशवीत भरली, ती पाठीवर चढवली आणि भर दुकानात तीन उड्या मारल्या. पहिल्या उडीला टोप्यांची चळत कोसळली. तिसरीला पट्टा तुटून अडीचशेरी फरशीवर आपटली. बाहेर गर्दी जमली.

“अहो, ही पाठीवर घालून पलटण लढाई जिंकून आली!” दुकानदार ओरडले.

“मग त्यांना पळायची वेळ आली नसेल.”

लोक इतके हसले की दुकानदारही हसले. जमलेल्या गर्दीतल्या चार-पाच जणांनी जाता जाता टोप्याही घेतल्या. ‘साऱ्या बाजाराला छळले’ ते असे.

काही महिने गेले. आणि एका शनिवारी मास्तर पिशवी घेऊन कामावर आले, कारण दुपारी सुटी होताच त्यांना थेट तलावावर जायचे होते. पिशवी खाकी नव्हती, मातकट होती; जाड कापडाची, जवसाचे तेल आणि मेण पाजून कडक केलेली. एकच लांब पट्टा खाली दुमडून दोन्ही बाजूंना शिवलेला, उरलेला भाग झाकणासारखा वरून पुढे आलेला. शिवणी आतून आणि झाकणाच्या कडा बाहेरून गोट लावून बंद. खांद्याला खाटेच्या नवारीचे दोन पट्टे. मास्तरांच्या पाठीवर ती अशी बसली होती की खांदा वाकवला तरी तिने वाकू नये. मी कौतुकाने विचारले, “कुठे मिळाली?”

“मिळत नाही. विणवून घेतली.”

“कोणाकडून?”

“वास बघा, तेल अजून वाळायचंय,” म्हणून मास्तर चालू लागले.

दुपारी फाटकावर झडती होती. रोज होई, गिरणीतून सूत-कापड बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या अंगावरून हात फिरे. पठाण पहारेकरी मास्तरांना सलाम करून सोडी. पण त्या दिवशी विणाई खात्याचे नवे साहेब तेथे उभे होते. त्यांनी पिशवीवर बोट ठेवले. आमच्या गिरणीत तंबूसाठी जाड कापड निघे, आणि पिशवीचे कापड हुबेहूब तसेच होते. मास्तरांना साहेबांच्या खोलीत नेले. खात्यातला माणूस हवा म्हणून मला आत बोलावले. स्मरणिकेचे लेखक दाराबाहेर होते. दार बंद होते.

“हे कापड आपलंच दिसतंय,” साहेब म्हणाले.

“दिसतंय. आपलं नाही. विणवून घेतलंय.”

“कुणाकडून?”

मास्तर खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. “ते सांगणार नाही.”

साहेबांनी भिंग माझ्यापुढे सरकवले. इंचभर कापडात उभे-आडवे किती धागे आहेत हे त्या भिंगातून मोजतात. कापडाची ओळख त्याने पटते, असे आम्ही सारे मानत होतो. मी पिशवी टेबलावर सपाट केली आणि मोजले. दोनदा मोजले. मोजणी चुकली नाही. माझी मोजणी कधी चुकत नसे.

“किती?”

“उभे चव्वेचाळीस, आडवे बत्तीस.”

“आणि आपल्या तंबूच्या कापडाचे?”

“चव्वेचाळीस. बत्तीस.”

मास्तर माझ्याकडे पाहत होते. रागाने नव्हे. वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलाने सोपे गणित चुकवल्यावर शिक्षक पाहतात, तसे.

“शिवण उसवा,” साहेब म्हणाले. “आत काय निघतंय ते बघू.”

मास्तरांनी पिशवी उचलून छातीशी धरली. “शिवण उसवून माणूस तपासायचा नसतो, साहेब. माझा शब्द पुरत नसेल, तर माझी नोकरी तुमच्याकडे राहू द्या.” कोटाच्या खिशातून त्यांनी स्वतःचे भिंग काढले, माझ्या भिंगाशेजारी ठेवले, पिशवी पाठीवर चढवली आणि दार उघडले. साहेबांनी अडवले नाही, पोलिसांतही दिले नाही. कशाच्या जोरावर देणार? त्यांच्याकडे माझे दोन आकडे होते, आणखी काही नव्हते.

तोंड काळे ठिक्कर पडले म्हणे! भर दुपारी, सुटीची गर्दी रस्त्यावर असताना, मास्तर पाठीवर पिशवी घेऊन हिप्परग्याच्या रस्त्याने गेले. दाराबाहेर उभ्या असलेल्यांनी ते पाहिले आहे. त्यांत आमचे लेखकही होते.

आणि रातोरात सोलापूर सोडले म्हणे! त्यानंतर मास्तर कितीतरी वर्षे नव्या पेठेत दिसत होते, आणि तेही कोठे? त्याच दुकानात. भस्मवाल्या दुकानदारांनी त्यांना आपणहून बोलावले होते. “माझ्या मालातल्या खोड्या गिऱ्हाइकासमोर काढता, त्याच्या आधीच काढा की,” असे ते म्हणाले. पेठेतला जाणता व्यापारी आलेला माल ज्याच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय फळीवर ठेवत नव्हता, त्या माणसाला आज कापडचोर म्हणायचे.

मी त्या दुकानावरून जाणे टाळू लागलो. लांबच्या गल्लीने जात असे. तीन वर्षे हे केले. मग एका रविवारी मला राहवेना. उठलो आणि तलावावर गेलो. मास्तर बांधावर होते, अर्थातच चालत होते. मी त्यांच्या मागे मागे चालत बोललो.

“मास्तर, मी खोटं बोललो नव्हतो.”

“कोण म्हणतं? धागे तेवढेच आहेत. मीच तसे मोजून घातले. चांगलं कापड समोर असताना वाईटाची नक्कल कोण करील?”

“मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तुम्ही कुठं विचारलंत? तुम्ही मोजलंत.” त्यांनी गळ टाकला, ओढला, पुढे निघाले. “माझ्या हाताखाली इतकी वर्षं काढलीत, कारकून. कापड समोर आलं की आधी काय बघायचं?”

मला उत्तर येत होते. खाली पाहत चालत राहिलो.

पुढे गुडघे गेले, हिंडणे संपले, आणि मास्तर माढ्याला भाच्याकडे राहायला निघाले. निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्या घरी आले. उंबऱ्यातच उभे राहिले; बसा म्हटले तरी बसले नाहीत. पिशवी माझ्या हातात दिली. आत ती गाठींची सुतळी होती.

“वापरा. उसवू मात्र नका. तो अजून गिरणीत आहे.”

‘तो’ कोण, हे मला कळले ते मास्तर वारल्याची बातमी आली तेव्हा. संध्याकाळी एक म्हातारा विणकर दारात आला. नरसय्या. आमच्याच गिरणीत मागावर होता, तेव्हा नुकताच नोकरीतून निवृत्त झालेला. तो पायरीवर बसला आणि बराच वेळ डोळे पुसत राहिला.

“ती पिशवी हाय का तुमच्याकडं? माझ्या मागावरची हाय ती. घरच्या. मास्तरनी सुतळी दाखवली, म्हणले, एवढ्याच रुंदीचं विण, कात्री लागायला नको. सूत त्येंनी बाजारातनं आणलं.”

“पैसे किती घेतलेस?”

“पैसे कुटं? सा महिने मरळ खाल्ली आमी. दर रविवारी आणून द्यायचे.”

मग मला सारे उलगडले. गिरणीत नोकरी करून घरच्या मागावर बाहेरचे काम घेणाऱ्याला आमच्याकडे सरळ काढून टाकीत. नियमच होता. शिवण उसवली असती तर आतले कापड घरच्या अरुंद मागावरचे आहे हे साहेबांना एका नजरेत कळले असते, आणि पुढचा प्रश्न आला असता, माग कोणाचा.

“त्येंनी नाव घ्येतलं असतं तर माझी चार पोरं रस्त्यावर आली असती,” नरसय्या म्हणाला. “त्ये साहेबासमोर हुभे हायत, ह्ये मला कळलं तवा म्या मागावरनं उठलो न्हाय. भ्यालो. लई भ्यालो.”

त्याला मी काय म्हणणार होतो? मी तर खोलीच्या आत होतो.

पिशवी मी तरीही उसवली नाही. नरसय्या सुटला होता, मास्तर गेले होते, अडवणारे कोणी नव्हते. पण त्या माणसाविषयी मी एकदा पुरावा तपासला होता. दुसऱ्यांदा तपासायचा नाही, असे मी ठरवले होते. पिशवी खुंटीवर राहिली.

जुन्या नोकरांच्या यंदाच्या संमेलनात स्मरणिका वाटली गेली तेव्हा मी उभा राहिलो आणि नरसय्याची हकिकत सांगितली. तोही आता नाही. लेखक महाशय हसत उठले आणि म्हणाले, “तो विणकर त्यांचे मासे खायचा. त्याची साक्ष माशासारखीच निसरडी असणार!” सभेला हे फार आवडले. मी विचारले, “मास्तरांना जन्मात मासा मिळाला नाही, असे आपणच छापले आहे, मग विणकराने खाल्ले काय?” यावर थोडे हसू माझ्याही बाजूने झाले. पण ते हसूच होते. हसून झाले, चहा आला, आणि मास्तर चोरच राहिले.

घरी आल्यापासून तीन दिवस मला एका जागी बसवले नाही. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होतो. भाकरीसुद्धा खिडकीशी उभे राहून खाल्ली, हे नंतर लक्षात आले. चौथ्या दिवशी सकाळी पिशवी खुंटीवरून काढली, ओसरीवर उजेडात नेली, उलटी केली आणि लहान कात्रीने गोट सोडवला. तेलाने तो लाकडासारखा झाला होता. आधी डावी शिवण चार बोटे उसवली, मग उजवी. मास्तरांनी मला शिकवले होते तसा, त्या दिवशी साहेबांच्या खोलीत फिरवायला हवा होता तसा, कडेवरून अंगठा फिरवला. मग सुतळी लावली.

आमच्या गिरणीत अठ्ठावीस इंचांहून अरुंद माग एकही नव्हता. स्मरणिकेच्या लेखकांनाही हे नाकारता येणार नाही. तेथले कापड अठरा इंचांवर आणायचे तर कात्री लावावी लागते, आणि निदान एका बाजूला मेलेली कड निघते. पिशवी माझ्या ओसरीवर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन स्वतःच्या अंगठ्याने पाहावे. डावा काठ जिवंत आहे. उजवा काठ जिवंत आहे. मधले अंतर अठरा इंच.